उसाचे इंधन आणि जुनी मोटार

निपाणीचा परिसर तंबाखूसाठी प्रसिद्ध असला, तरी आमच्या ह्या सीमाभागात उसाचे पीकही मोठे आहे. उसापासून साखर होते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु उसाच्या रसापासून व साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून तयार होणारे इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचा मद्यार्क, आज मोटारीच्या टाकीत जाऊन पडतो, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो.

ह्या उपक्रमाचा आरंभ आमच्यापासून फार दूर झाला नाही. २००१ साली देशात ज्या तीन ठिकाणी प्रायोगिक मिश्रण करण्यात आले, त्यांत मिरज व मनमाड ही महाराष्ट्रातील दोन गावे होती. २००३ साली काही राज्यांत शेकडा ५ भाग इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. २०२२ साली देशाने शेकडा १० चे प्रमाण गाठले आणि २०२५ साली ते शेकडा २० झाले. तेव्हापासून जुन्या गाड्यांचे मालक विचारू लागले की, "गाडी पूर्वीइतकी का धावत नाही?"

ह्या प्रश्नाचे उत्तर साध्या गणितात आहे. एक लिटर पेट्रोल जळून जेवढी उष्णता मिळते ती ३२ मानली, तर एक लिटर इथेनॉलची उष्णता सुमारे २१ भरते. म्हणून शेकडा २० च्या मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने शेकडा ६ ते ७ इतकी तूट येते. लिटरला १५ किलोमीटर धावणारी गाडी १४ वर येईल. निपाणीहून बेळगावास जाण्यास पूर्वी ५ लिटर लागत असतील, तर आता पाव ते अर्धा लिटर अधिक लागेल. शेकडा १० च्या मिश्रणाशी तुलना केली, तर ही तूट निम्मीच राहते. तेव्हा गाडीची धाव निम्म्यावर आली असेल, तर तिचे कारण अन्यत्र शोधावे.

दुसरी गोष्ट हवेची. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. नव्या गाड्यांत हे प्रमाण यंत्रच ओळखून इंधन वाढविते. पद्मिनी, अँबॅसडर किंवा जुन्या मारुतीतील कार्बुरेटरला मात्र ही समज नसते. त्यामुळे हवा अधिक व इंधन कमी पडते, आणि गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर दम टाकते. इथेनॉलमुळे इंजिनातील ठोके कमी होतात हे खरे. पण कमी दाबाच्या जुन्या इंजिनास त्या गुणाचा फारसा उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट रबराची व पाण्याची. इथेनॉलमुळे काही जुन्या रबरी नळ्या फुगतात व कालांतराने चिरतात. शिवाय ते पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की मिश्रण फाटून पाणी व मद्यार्क टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये, नळ्या वेळीच बदलाव्या, गाळणी साफ ठेवावी आणि कार्बुरेटर जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावा.

ह्या धोरणामुळे ऊसकऱ्यास एक नवी बाजारपेठ मिळाली व परदेशी तेलावरील खर्च काहीसा वाचला, हे नाकारता येत नाही. तथापि नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्यासच जास्तीचे इंधन व दुरुस्ती ह्यांचा भार सोसावा लागतो, हेही तितकेच खरे. आमच्या भागात तर शेतात ऊस व दारात जुनी गाडी, अशी घरे पुष्कळ आहेत. लाभ आणि तोटा तेथे एकाच वहीत लिहावे लागतात.

विद्यार्थी मित्रहो, हा हिशेब तुम्हीही करू शकता. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. काही दिवसांनी पुन्हा तितकीच भरावी आणि मधल्या अंतरास लागलेल्या लिटरांनी भागावे. असे चार-पाच वेळा करून सरासरी काढल्यास, चव्हाट्यावरच्या ऐकीव गप्पांपेक्षा अधिक भरवशाचे उत्तर तुमच्या वहीत मिळेल.