परदेशातील हंगामी ट्रकचालक : व्हिसा मिळाला, परवान्याचे काय?

पेण आणि रोहा ही अवजड वाहनांची गावे आहेत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 'एमएच ०६' ही पाटी देणारे परिवहन कार्यालय पेण येथे आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्यातून लोखंडी कॉइल लादलेले ट्रेलर निघतात, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनांचे टँकर निघतात आणि न्हावा-शेवा बंदराकडे कंटेनरची रांग लागलेली असते. रोहा तालुक्यातील कोलाड स्थानकावर तर १९९९ पासून कोकण रेल्वेने ट्रकच रेल्वेगाडीवर चढवून गोव्याकडे व पुढे नेण्याची रो-रो सेवा सुरू केली. अशा भागात उत्तम चालकांची वाण नाही. म्हणूनच 'परदेशात सहा महिने ट्रक चालवा आणि वर्षाची कमाई करून परत या' असा संदेश भ्रमणध्वनीवर आला की त्याची चर्चा अनेक घरांत होते.

ही चर्चा करताना एक साधी गोष्ट बहुधा नजरेआड होते. व्हिसा म्हणजे त्या देशात जाऊन काम करण्याची अनुमती. ट्रक चालविण्याची अनुमती ही वेगळी बाब असून ती तेथील परवाना देतो. या दोहोंच्या मधल्या अंतरात बराच वेळ जातो, पैसा जातो आणि पुष्कळदा आईचे दागिनेही जातात. प्रस्तुत लेखात या अंतराविषयीच मुख्यतः लिहावयाचे आहे.

प्रथम हंगामी व्हिसाचे एक गाजलेले उदाहरण पाहू. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोल पंपांपुढे वाहनांच्या रांगा लागल्या. इंधन होते, परंतु ते पोहोचविणारे चालक अपुरे होते. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यामुळे पूर्व युरोपातील अनेक चालक मायदेशी परतले होते आणि कोविडच्या काळात नव्या चालकांच्या परीक्षा लांबणीवर पडल्या होत्या. तेव्हा ब्रिटिश सरकारने ५,००० अवजड वाहनचालकांसाठी तात्पुरते व्हिसा जाहीर केले. प्रथम त्यांची मुदत नाताळच्या आदल्या दिवसापर्यंतच होती. एवढ्या थोड्या दिवसांसाठी कोण येणार, अशी टीका झाल्यावर योजना बदलण्यात आली. ३०० इंधनचालकांना मार्च २०२२ अखेरपर्यंत आणि अन्नपदार्थ वाहणाऱ्या ४,७०० चालकांना २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत राहण्याची मुभा देण्याचे ठरले. ऑक्टोबरच्या आरंभी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीच सांगितले की वाहतूकदारांकडून तोपर्यंत केवळ १२७ नावे आली आहेत.

आपल्याकडील चालकांना या योजनेचा लाभ का होऊ शकत नव्हता, हे समजून घेण्यासारखे आहे. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये मोटार काही काळ चालविता येते. मोठा ट्रक चालविता येत नाही. त्यासाठी तेथील लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्याव्या लागतात. चार-पाच महिन्यांच्या व्हिसावर गेलेला चालक या परीक्षा केव्हा देणार आणि कमाई केव्हा करणार? ही योजना युरोपातील परवाना आधीच हाती असलेल्यांसाठीच उपयोगाची होती. मुदत जितकी थोडी, तितका आपल्या चालकाला तो व्हिसा निरुपयोगी, असे हे उलटे गणित आहे.

येथे आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. परिवहन कार्यालयातून मिळणारा हा परवाना एक वर्षाचा असतो. तो मूळ भारतीय परवान्याचे जणू भाषांतर आहे. प्रवाशाने परदेशात मोटार चालवावी एवढाच त्याचा हेतू. त्याच्या आधारे परदेशात ट्रकचालकाची नोकरी करता येत नाही. 'आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, बाकी आम्ही पाहतो' असे सांगणाऱ्या दलालाला एकतर हे ठाऊक नसते किंवा चांगलेच ठाऊक असते.

युरोपीय संघातील देशांत आणखी एक पायरी आहे. अवजड वाहनाच्या परवान्याखेरीज व्यावसायिक चालकाची पात्रता मिळवावी लागते आणि परवान्यावर '९५' हा सांकेतिक अंक नोंदविला जातो. या पात्रतेचा संक्षिप्त अभ्यासक्रमही १४० तासांचा असून दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. धाटावचा टँकर चालविणाऱ्याला आपल्याकडे घातक पदार्थांच्या वाहतुकीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, हे त्याला ठाऊक असते. युरोपात त्याच कामासाठी पुन्हा निराळे प्रमाणपत्र लागते. शिवाय वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूने आणि सुकाणू डाव्या हाताला. वीस वर्षांची सवय उलटी करावी लागते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, तेव्हा व्यवसायांच्या यादीत परिचारकांबरोबर ट्रक व बस चालकांचाही समावेश होता आणि १०,००० तरुण पाठविण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. त्या योजनेत जर्मन भाषेचे प्रशिक्षण आधी होते, विमान नंतर. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. काही आठवड्यांत ट्रक हाती देण्याचे आश्वासन शासन देत नव्हते. मग कोपऱ्यावरचा दलाल ते कसे देतो?

अमेरिकेत खरोखरच हंगामी म्हणावे असे काम आहे. टेक्सासमध्ये गव्हाची कापणी सुरू होते आणि कापणी करणाऱ्या यंत्रांचे ताफे पिकाच्या मागोमाग उत्तरेला कॅनडाच्या सीमेपर्यंत सरकत जातात. त्यांच्याबरोबर धान्य वाहणारे ट्रक असतात. या कामावर दक्षिण आफ्रिकेतील चालक मोठ्या संख्येने जात आले आहेत. त्यासाठीचा एच-२ए हा शेतीचा तात्पुरता व्हिसा भारतीयांना जानेवारी २०२५ पर्यंत सहसा मिळत नव्हता, कारण पात्र देशांच्या यादीत भारताचे नाव नव्हते. ती यादीची पद्धत रद्द झाली. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने व्यावसायिक ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणे स्थगित केल्याचे जाहीर केले. या व्हिसाचा एक नियम मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. कामगाराकडून भरतीचे शुल्क घेण्यास त्यात मनाई आहे आणि राहण्याची सोय मालकाने विनामूल्य करावयाची असते. तेव्हा याच व्हिसासाठी कोणी काही लाख रुपये मागत असेल, तर त्याचे खरेखोटेपण ठरविण्यासाठी आणखी पुराव्याची गरज नाही.

पैशाच्या या प्रश्नावर थोडे थांबावयास हवे. पेण व रोहा परिसरातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात. मालक किंवा मुकादम त्यांना पावसाळ्यातच 'उचल' देतो आणि ती फिटेपर्यंत कुटुंब भट्टी सोडू शकत नाही. ही प्रथा अन्यायकारक आहे, हे आपण सारे जाणतो. परदेशी जाणाऱ्या चालकाची स्थिती तिचेच उलटे रूप आहे. भट्टीवर मालक उचल देतो व मजुराला बांधतो. येथे चालकच दलालाला उचल देतो आणि तरीही बांधला जातो तोच. कर्ज गावातील सावकाराचे असते, व्हिसा एकाच मालकाच्या नावाचा असतो. पगार कमी मिळाला किंवा काम निराळे निघाले, तरी परतणे परवडत नाही. आपल्याला कातकरी बांधवांचे दुःख दिसते. स्वतःच्या मुलाच्या हातातील पावतीत तेच दिसत नाही, ही खेदाची बाब होय.

रायगडमधून परदेशी जाण्याची जुनी वाट अर्थातच आखाती देशांची आहे. तेथे काम दोन-तीन वर्षांच्या कराराचे असले तरी तेही तात्पुरत्या व्हिसावरचेच. या वाटेवर व्हिसावर लिहिलेला व्यवसाय हा कळीचा मुद्दा ठरतो. 'हाऊस ड्रायव्हर' आणि 'हेवी ड्रायव्हर' हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, परंतु सौदी अरेबियात घरगुती चालकाची गणना घरकामगारांत होते. मार्च २०२१ मध्ये त्या देशाने नोकरी बदलण्याविषयीच्या सवलती दिल्या, तेव्हा घरगुती चालक त्यांतून वगळले गेले. घरगुती चालकाच्या व्हिसावर जाऊन ट्रक चालविणारा माणूस अपघात झाल्यास कोणत्या कायद्याकडे दाद मागणार? 'आझाद व्हिसा' नावाचा प्रकार तर कोणत्याच कायद्यात नाही. कागदावर एक मालक दाखवून दुसरीकडे काम करावयाचे, आणि कागदावरच्या मालकाने 'हा पळून गेला' अशी तक्रार नोंदविली की अटक व हद्दपारी.

आपल्या देशाचा १९८३ चा उत्प्रवास कायदा काही संरक्षण देतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः 'ईसीआर' शेरा असतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी तिला उत्प्रवास अनुमती घ्यावी लागते. त्या निमित्ताने करारपत्र तपासले जाते आणि प्रवासी भारतीय विमा योजना अनिवार्य होते. दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. नोंदणीकृत भरती संस्थेला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक घेता येत नाही. संस्थेची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत संस्थेचा 'सब-एजंट' म्हणून गावात फिरणाऱ्याला कायद्यात स्थान नाही.

यात एक विसंगती आहे. दहावी झालेल्या चालकाला ही अनुमती लागत नाही. तो पारपत्र घेऊन सरळ विमानतळावर जातो आणि म्हणूनच त्याचा करार वाटेत कोणीही तपासत नाही. शिकलेल्या मुलाला फसविणे कठीण, हा आपला समज येथे उपयोगाचा नाही. अशा तरुणाने तोच विमा स्वखुशीने घ्यावा आणि करार स्वतः कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

करार का वाचावा, हे २०२३ मध्ये जर्मनीत दिसून आले. डार्मश्टाट शहराजवळील ग्रेफेनहाउझेन येथील महामार्गाच्या विश्रांतीस्थळावर मार्च महिन्यात साठहून अधिक ट्रकचालकांनी आपली वाहने उभी केली. ते बहुतांशी जॉर्जिया व उझबेकिस्तानचे होते. व्हिसा पोलंडचा, मालक पोलंडचा, रस्ते मात्र जर्मनी, इटली व ऑस्ट्रियाचे. कित्येक आठवड्यांचे वेतन थकले होते. कागदोपत्री ते नोकर नव्हतेच. सेवा पुरविणारे कंत्राटदार म्हणून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या आणि त्या आधारे नाना कपाती चालत. ७ एप्रिल रोजी, शुभ शुक्रवारी, मालक खासगी सुरक्षारक्षकांची टोळी आणि चिलखती गाडी घेऊन वाहने ताब्यात घेण्यास आला. पोलिसांनी त्यालाच अटक केली. चालक हलले नाहीत, कारण वाहने आणि त्यांतील माल एवढेच त्यांच्या हाती होते. एप्रिलअखेर सुमारे तीन लाख युरोंची थकबाकी त्यांना मिळाली. जुलैमध्ये त्याच मालकाच्या इतर चालकांना पुन्हा तेथेच थांबावे लागले आणि सप्टेंबरमध्ये काहींनी उपोषण केले. युरोपात गेलो म्हणजे कायदा आपोआप पाठीशी उभा राहतो, असे नाही. तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी हातात कागद लागतो.

कायदा तेथे आहे, हेही तितकेच खरे. युरोपीय नियमानुसार चालकाने दिवसात ९ तास, आठवड्यातून दोनदाच १० तास वाहन चालवावे. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी. आठवड्याची ४५ तासांची पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घेऊ नये. वाहनातील टॅकोग्राफ यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते. आपल्याकडेही २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तास लिहिलेले होते. मुंबई-गोवा महामार्गावर त्याचे काय होते, हे वाचकांना सांगावयास नको.

जाणाऱ्याने काय बरोबर न्यावे, यापेक्षा घरी काय ठेवावे याचा विचार कमी होतो. पारपत्र, व्हिसा व करारपत्र यांच्या प्रती, मालकाचा पत्ता, विम्याचा कागद आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती पत्नीकडे किंवा आईवडिलांकडे असावी. पाटी पाहून पैसे देण्याचे परिणाम पेणकरांनी अनुभवले आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हा किती घरांतील आयुष्यभराची पुंजी अडकली, हे आठवावे. जेथे जावयाचे तेथील धर्मग्रामाची माहितीही आधी काढलेली बरी. कुवेत, बहारीन, कतार, ओमान व अमिरातींत चर्च आहेत आणि तेथे आपल्या भाषेतील माणसे भेटतात. सौदी अरेबियात सार्वजनिक चर्च नाही.

शेवटी परतीच्या दिवसाविषयी. भारतातील व्यावसायिक वाहनाच्या परवान्याची मुदत पाच वर्षे, तर घातक पदार्थांच्या वाहतुकीच्या परवान्याची तीन वर्षे असते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधीपासून नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. धाटावचा टँकरचालक तीन वर्षांच्या करारावर कुवेतला गेला आणि निघताना त्याने ही तारीख पाहिली नाही, तर परतल्यावर त्याला आपल्याच गावातील टँकरवर लगेच बसता येणार नाही. निघण्यापूर्वी पेणच्या परिवहन कार्यालयातील एक फेरी त्यासाठी राखून ठेवावी.