बन्नेरघट्टा: जाळीच्या बसमधून

बंगळूरला कुणी लहान मुलांना घेऊन आलं की मी आधी बन्नेरघट्ट्याचं नाव सुचवते. शहराच्या दक्षिणेला, बाविसेक किलोमीटरवर. इथलं जंगल १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचाच एक भाग २००२ पासून जैविक उद्यान म्हणून वेगळा चालतो. प्राणिसंग्रहालय, सफारी आणि फुलपाखरू उद्यान, सगळं तिथेच.

मुलांना सगळ्यात आधी हवी असते सफारी. खिडक्यांना जाळ्या लावलेली बस पहिल्या फाटकातून आत शिरते आणि थांबते. मागचं फाटक बंद होतं, मगच पुढचं उघडतं. त्या दोन फाटकांच्या मध्ये बसमधला गोंगाट आपोआप निवतो. इथे पिंजऱ्यात आपण असतो आणि वाघ मोकळा, हे चार वर्षांच्या पोरालाही न सांगता कळतं. हरणं, अस्वलं, सिंह, वाघ असे टप्पे येतात. २०२४ पासून वीस हेक्टरांत बिबट्यांची सफारीही सुरू झाली आहे.

पण बन्नेरघट्ट्याचं खरं मोठेपण मला त्याच्या बचावकार्यात दिसतं, आणि ते सर्कशीशी जोडलेलं आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली भारतीय सर्कस उभी केली, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाही. पुढे १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर सरकारने बंदी घातली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तंबूंतून सुटलेल्या सिंह-वाघांना ठेवायचं कुठे? त्यांच्यासाठी ज्या थोड्या जागा तयार झाल्या, त्यांतली एक बन्नेरघट्टा.

अस्वलांची कहाणी आणखी जिव्हारी लागते. दरवेशी दारात अस्वल नाचवायचा, ते आपल्या आजी-आजोबांनी पाहिलंय. तापल्या सळईने नाक टोचून त्यात दोरी ओवलेली असे. हिसडा बसला की अस्वल दोन पायांवर उभं राहायचं. एरवी अस्वल वारुळातली वाळवी हुंगून काढतं, ते याच नाकाच्या जोरावर. २००९ च्या डिसेंबरात राजू नावाचं अस्वल इथल्या पुनर्वसन केंद्रात आणलं गेलं. तेव्हा ते देशातलं शेवटचं नाचतं अस्वल मानलं गेलं. मुलांना हे जरूर सांगावं. ‘आता त्याला दोरी नाही ना?’ एवढंच त्यांना हवं असतं, आणि त्याचं उत्तर इथे देता येतं.

फुलपाखरू उद्यान २००६ चं, आणि अगदी लहानग्यांसाठी तेच सर्वांत चांगलं. वाघ लांब असतो, झोपलेलाही असतो. इथे मात्र पारदर्शक घुमटाखालचं सगळं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर घडतं. फुलपाखरू पानावर उतरतं, पायांनीच चव घेतं, आपल्या अळीला चालणारं झाड असेल तरच अंडं घालतं. रुईवर एकाच्या अळ्या, कृष्णकमळाच्या वेलीवर दुसऱ्याच्या. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या निलवंताला लिंबाच्या जातीची झाडं लागतात. आईबाबांनी इथे घड्याळ पाहू नये.

मंगळवारी उद्यान बंद असतं. सकाळी लवकर पोचून आधी सफारी करावी आणि ऊन जरा तापलं की घुमटात जावं, कारण पंख तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत. आणि घरी कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कुणी कुरतडलेली दिसली, तर औषध फवारण्याआधी अळी शोधायला मुलांना हाक मारावी; कढीपत्ताही लिंबाच्याच कुळातला.