जुन्या मालवाहू ट्रकचे इंजिन बदलताना : निवडीचे निकष

काढणीनंतर शेतमाल किती वेळात बाजारपेठेत पोहोचतो, यावर भाजीपाला व फळांना मिळणारा दर बऱ्याच अंशी अवलंबून असतो. त्यासाठी अनेक शेतकरी व शेतकरी उत्पादक कंपन्या टाटा ४०७ सारखे जुने हलके ट्रक वापरतात. अशा वाहनाची चासी व हौदा पुष्कळदा सुस्थितीत असतात. थकलेले असते ते इंजिन. ऐन हंगामात ते बंद पडल्यास माल शेतातच खराब होतो. म्हणून इंजिनाविषयीचा निर्णय हंगामापूर्वी आणि तपासणीच्या आधारे घेणे आवश्यक आहे.

इंजिन खरोखर बाद झाले आहे काय?

धुराच्या रंगावरून प्राथमिक अंदाज बांधता येतो. काळा धूर बहुधा एअर फिल्टर, नोझल किंवा डिझेल पंपातील दोष दर्शवितो. निळा धूर ऑईल जळत असल्याचे लक्षण आहे. इंजिन गरम झाल्यानंतरही पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट किंवा हेड तपासावे. यांतील बरेच दोष इंजिन न बदलता दूर होतात. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि गरम इंजिनातील ऑईलचा दाब मोजल्याशिवाय इंजिन उतरवू नये. ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँकशाफ्ट आणखी ग्राइंडिंग करण्यापलीकडे झिजला असेल, तरच इंजिन बदलण्याचा विचार प्रथम करावा.

उपलब्ध पर्याय

पहिला पर्याय म्हणजे ओव्हरहॉलिंग. लायनर, पिस्टन, रिंग व बेअरिंग बदलून मूळ ब्लॉक कायम ठेवला जातो. दुसरा पर्याय हाफ इंजिनाचा. यात ब्लॉक, क्रँकशाफ्ट व पिस्टन जुळवून मिळतात; हेड, पंप व इतर जोडभाग जुन्या इंजिनाचे वापरले जातात. तिसरा पर्याय निर्मात्याच्या विक्रेत्याकडून मिळणारे संपूर्ण इंजिन. ते महाग असले तरी त्यास हमी असते आणि वाहन कमी दिवस उभे राहते. चौथा पर्याय मोडीत निघालेल्या वाहनाचे इंजिन. ते स्वस्त असते, मात्र त्याची झीज बाहेरून कळत नाही. असे इंजिन चालवून, कॉम्प्रेशन मोजून आणि मूळ वाहनाची कागदपत्रे पाहूनच घ्यावे.

जुळणी महत्त्वाची

नावातील साम्यावर विसंबू नये. टाटाच्या ४९७ व ६९७ या इंजिनांत पहिला अंक सिलिंडरची संख्या आणि पुढील दोन अंक मिलिमीटरमधील बोअर दर्शवितात. दोहोंचा बोअर ९७ मि.मी. असला तरी ४९७ चा स्ट्रोक १०० मि.मी., तर ६९७ चा १२८ मि.मी. आहे. शिवाय ४९७ मध्येही साधे व टर्बो असे प्रकार आहेत. त्यामुळे इंजिन पट्टीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक व भाग क्रमांक जुळवूनच मागणी नोंदवावी.

अधिक ताकदीचे इंजिन बसविण्याचा मोह टाळावा. वाढीव टॉर्कचा ताण क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट व डिफरन्शियलवर येतो; ब्रेकची क्षमता मात्र पूर्वीचीच राहते. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. त्यानुसारची इंजिने इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, सेन्सर व धूर शुद्धीकरण यंत्रणेशी जोडलेली असल्याने जुन्या वाहनात ती सहज बसत नाहीत.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल, वाहन वर्षाला २०,००० किलोमीटर चालते आणि दुरुस्तीनंतर सरासरी प्रति लिटर ८ वरून १० किलोमीटर होते, असे मानू. डिझेलचा खप २,५०० वरून २,००० लिटरवर येईल, म्हणजे ५०० लिटरची बचत होईल. परंतु चांगल्या ओव्हरहॉलिंगनेही हीच बचत साधत असेल, तर ती केवळ नव्या इंजिनाच्या खाती जमा धरू नये. दोन पर्यायांतील खरा फरक अपेक्षित आयुष्य, हमी आणि वाहन उभे राहण्याचे दिवस यांत असतो. चासी गंजली असेल, तर कोणताही पर्याय परवडत नाही.

कायदेशीर बाबी

वाहनातील बदलांविषयीची तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घेऊन नवा इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा आणि विमा कंपनीस कळवावा. क्रमांक न जुळल्यास योग्यता तपासणीच्या वा विमा दाव्याच्या वेळी अडचण येते. नव्या इंजिनाने वाहनाचे नोंदणीनुसार असलेले वय कमी होत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

बसविताना घ्यावयाची दक्षता

जुने इंजिन ज्या कारणाने निकामी झाले, ते कारण आधी दूर करावे. तुंबलेला रेडिएटर किंवा जुन्या इंजिनाचा कीस राहिलेला ऑईल कूलर तसाच जोडल्यास नवे इंजिनही लवकर बिघडते. रेडिएटर साफ करून होज, थर्मोस्टॅट, माउंटिंग व क्लच प्लेट त्याच वेळी तपासावी. सुरुवातीच्या काळात भार कमी ठेवून निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार पहिले ऑईल बदलावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना तपासणीचे आकडे, प्रत्येक पर्यायाचे लेखी दरपत्रक आणि हमीच्या अटी एका कागदावर मांडून निर्णय घेण्यास साहाय्य करावे.