साधी कड, गुंतागुंतीची कड

आता पडद्यावरचं चित्र पाहूया. फ्रेंच चित्रकार अँग्र याचं ‘ला ग्रांद ओदालिस्क’, १८१४ सालचं. पाठमोरी पहुडलेली नग्न स्त्री. मानेपासून कमरेखालपर्यंत पाठीची कड आपण मनातल्या मनात बोटानं गिरवली, तर बोट कुठेच अडत नाही. आणि सभोवती? पडद्याच्या चुण्या, मोरपिसांचा पंखा, डोक्याला गुंडाळलेलं वस्त्र. तिथे रेषा पावलोपावली वळते, मोडते.

१८१९ मध्ये चित्र पॅरिसच्या सलोनमध्ये लागलं, तेव्हा टीकाकार म्हणाले, पाठीत मणके जास्त आहेत. शरीरशास्त्राच्या हिशेबानं तक्रार खरीच आहे हो! पण पाठ मापात बसवली असती, तर एवढ्या चुण्यांपुढे ती टिकली असती का? आम्हाला नाही वाटत. रेषा साधी वाटते ती शेजारच्या रेषेमुळे. एकटी असती तर नुसती रिकामी दिसली असती.

शरीर स्वतःही हेच करतं. डावीकडे वाकून बघा. उजवी कूस ताणून एकच लांब रेषा होते, डावीकडे घड्या पडतात. नवशिके मात्र दोन्ही कडांना सारखेच उंचवटे देतात आणि माणसाची मडक्यांची उतरंड होते. म्हणून आपण ताणलेली बाजू आधी एका दमात ओढायची. घड्यांना मग हवा तितका वेळ.