पॉवरलिफ्टिंग
पॉवरलिफ्टिंग : स्क्वॅट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांनी जास्तीत जास्त वजन उचलण्याचा बलप्रधान क्रीडाप्रकार. ऑलिंपिक सामन्यांतील भारोत्तोलनाहून हा भिन्न आहे. भारोत्तोलनात वजन डोक्यावर न्यावयाचे असल्याने बळाबरोबरच वेग, तोल व सांध्यांचा लवचिकपणा यांचाही कस लागतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये बार अल्प अंतरातून आणि संथपणे सरकतो व निखळ बळाची कसोटी लागते. कार्य भागिले काल हा शक्तीचा भौतिकीतील अर्थ घेतला, तर भारोत्तोलकाची शक्तीच अधिक भरते. त्यामुळे ‘पॉवर’ हा शब्द या खेळाच्या नावात काहीसा अस्थानी आहे. तथापि नाव जगभर रूढ झाले असून मराठीतही तेच प्रचारात आहे.

स्पर्धेचे स्वरूप : स्क्वॅटमध्ये बार खांद्यांमागे पाठीवर घेऊन बैठक मारावयाची असते. मांडीचा खुब्याजवळील वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्याखाली गेल्याशिवाय बैठक ग्राह्य धरली जात नाही. बेंच प्रेसमध्ये बाकावर उताणे झोपून बार छातीपर्यंत आणावयाचा, तेथे तो स्थिर करावयाचा व पंचाच्या आज्ञेनंतर हात ताठ होईपर्यंत वर ढकलावयाचा असतो. डेडलिफ्टमध्ये जमिनीवरील बार उचलून गुडघे व पाठ सरळ करून ताठ उभे राहावयाचे असते. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि तिन्ही प्रकारांतील सर्वोत्तम वजनांची बेरीज म्हणजे खेळाडूची एकूण कामगिरी होय. बेरीज समान झाल्यास शरीराचे वजन कमी असलेला खेळाडू विजयी ठरतो. तीन पंच पांढऱ्या व तांबड्या दिव्यांनी निर्णय देतात. दोन पांढरे दिवे लागल्यास प्रयत्न यशस्वी समजतात. बारचे वजन २० किग्रॅ. असते.

इतिहास : १९५० नंतरच्या काळात अमेरिका व ब्रिटन येथील व्यायामशाळांत भारोत्तोलनाव्यतिरिक्तच्या ‘फुटकळ’ प्रकारांच्या चढाओढी होत असत. त्यांतूनच या खेळाचा उगम झाला. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची स्थापना १९७२ मध्ये झाली आणि महासंघाची पहिली जागतिक स्पर्धा १९७३ मध्ये अमेरिकेतील हॅरिसबर्ग येथे भरली. स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९८० मध्ये सुरू झाली. पुढे ताठर कापडाचे घट्ट पोषाख वापरात आले. खाली जाताना ताणला गेलेला असा पोषाख वर येताना स्प्रिंगप्रमाणे साहाय्य करतो, त्यामुळे उचललेल्या वजनात शरीराचा वाटा किती व कापडाचा किती, हे सांगणे अवघड होऊन बसले. ही गोष्ट खेळाच्या प्रतिष्ठेला बाधकच ठरली. २०१३ पासून अशा पोषाखाविना होणारी स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरविण्यात येते व आज तीच अधिक लोकप्रिय आहे. ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान नाही. पॅरालिंपिकमध्ये मात्र त्यातील बेंच प्रेस हा एकच प्रकार खेळला जातो. भारताच्या राजिंदरसिंग रहेलू यांनी अथेन्स येथे २००४ मध्ये त्यात कांस्यपदक मिळविले, तर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल सामन्यांत सुधीर यांनी सुवर्णपदक पटकाविले.

महाराष्ट्रातील तालमींत बलसंवर्धनाची परंपरा जुनी आहे. जोर, बैठका, मुद्गल, मध्ये मूठ असलेले जड दगडी नाल अशा साधनांनी मल्ल अंग कमावीत. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोदे येथून प्रसिद्ध केलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांत या परंपरेचे विपुल वर्णन आले आहे. तथापि बैठकांत भार हा स्वतःच्या शरीराचाच असतो. तो वाढविता येत नाही, संख्याच वाढवावी लागते. हजार बैठकांनी दम व चिवटपणा येतो, पण एकाच प्रयत्नात प्रकट होणारे परमबल त्या प्रमाणात वाढत नाही. तबकड्यांच्या बारचे महत्त्व येथेच आहे. भार थोडाथोडा व मोजून वाढविता येतो.

शारीरक्रियात्मक आधार : वाढत्या भाराचे तत्त्व ग्रीक मल्ल मायलोच्या आख्यायिकेत आढळते. वासराला रोज खांद्यावर घेऊन चालणारा हा मल्ल अखेर पूर्ण वाढलेला बैल वाहू लागला, अशी ती कथा आहे. या तत्त्वाला शास्त्रीय रूप दिले ते अमेरिकन सैनिकी वैद्य टॉमस डीलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या दुबळ्या पायांसाठी हलके व्यायाम अनेक वेळा करविण्याची तेव्हाची प्रथा सोडून त्यांनी जड वजने मोजक्या वेळा उचलावयास लावली व १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा आवर्तनांत जेमतेम पेलेल अशा वजनाच्या निम्म्याने पहिली, पाऊणपटीने दुसरी व पूर्ण वजनाने तिसरी फेरी करावी, ही त्यांची नंतर ठरलेली पद्धत होय. आजच्या व्यायामशाळांतील ‘तीन सेट, दहा रेप’ या परवलीच्या शब्दांचे मूळ असे रुग्णालयात आहे, याची फार थोड्यांना कल्पना असते.

नवशिक्याचे बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, पण आरशात फरक दिसत नाही व पुष्कळजण निराश होतात. वस्तुतः या काळात होणारा बदल प्रामुख्याने तंत्रिका तंत्रात घडतो. एक तंत्रिका कोशिका व तिच्या अधीन असलेले स्नायुतंतू मिळून एक प्रेरक एकक होते. हलक्या कामाला लहान एकके पुरतात. मोठी एकके भार जड झाल्यावरच किंवा स्नायू थकत आल्यावरच कामास येतात. अभ्यासाने शरीर अधिक एकके एकाच वेळी व अधिक वेगाने कामास लावू शकते, आणि विरोधी स्नायूंचा अडथळाही कमी होतो. स्नायुतंतूंची जाडी वाढण्याची क्रिया यानंतर काही आठवड्यांनी जाणवू लागते. कंडरा व अस्थिबंध यांची जुळणी तर त्याहूनही सावकाश होते. अंगात आलेले बळ सांध्यांच्या तयारीपुढे धावते, आणि दुखापतींचे एक मोठे कारण हेच आहे.

प्रशिक्षण : एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाला एक-आवर्तन कमाल म्हणतात व प्रशिक्षणाचे भार त्याच्या टक्केवारीत ठरवितात. ते प्रत्यक्ष आजमावणे नवशिक्यास धोक्याचे असते. त्याऐवजी वजनास आवर्तनांच्या तिसाव्या भागाइतकी वाढ देऊन अंदाज बांधता येतो. उदा., १०० किग्रॅ. वजनाने पाच बैठका मारणाऱ्याची कमाल मर्यादा सु. ११७ किग्रॅ. येते. आवर्तने दहाच्या पुढे गेली की हा अंदाज विश्वासार्ह राहत नाही. परमबलासाठी ८० टक्क्यांहून अधिक भार आणि एक ते पाच आवर्तने परिणामकारक ठरतात. स्नायूंचा आकार मात्र हलक्या वजनानेही वाढतो. अट एवढीच की, फेरी दमणूक होत येईपर्यंत चालविली पाहिजे. जड फेऱ्यांमध्ये तीन ते पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. स्नायूंतील क्रिएटीन फॉस्फेटाचा साठा काही सेकंदांत खर्ची पडतो व तो भरून येण्यास तेवढा अवधी लागतो. विश्रांती म्हणजे आळस, हा समज तालमीतून आलेला असून येथे तो गैरलागू आहे.

प्रारंभी दर आठवड्यास २·५ किग्रॅ. वाढ सहज साधते. हाच वेग राहिला, तर वर्षात बैठकीत १३० किग्रॅ. भर पडावयास हवी. तशी ती पडत नाही. काही महिन्यांनी वाढ खुंटते आणि मग भार व आवर्तने यांत नियोजनपूर्वक चढउतार करावे लागतात. असे कालखंडयुक्त नियोजन सोव्हिएट रशियात लेव्ह मात्वेयेव्ह यांनी १९६० नंतर पद्धतशीरपणे मांडले. त्याचे अनेक प्रकार निघाले असून त्यांच्यातील फरकांवर जेवढा वाद होतो, तेवढा फरक परिणामांत पडत नाही. नियमितपणा, पुरेशी झोप व अचूक हालचाल यांचे वजन त्याहून अधिक आहे.

जड वजन उचलताना श्वास कोंडून पोट आवळतात. त्यामुळे धडातील दाब वाढून पाठीच्या कण्याला आधार मिळतो, पण रक्तदाबही क्षणभर अतोनात चढतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायांनी जड भार ढकलताना व्यायामपटूंचा रोहिणीतील रक्तदाब सरासरीने ३२०/२५० मिमी. भरला. निरोगी तरुणास हा क्षणिक चढाव सहसा सोसतो. अनियंत्रित रक्तदाब, रोहिणीविस्फार किंवा नेत्रपटलाचे विकार असणाऱ्यास तो घातक ठरू शकतो.

आहार : बलसाधकाच्या आहाराविषयी जेवढे गैरसमज आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या विषयाबद्दल असतील. मल्लांच्या खुराकात दूध, तूप, बदाम व थंडाई यांना मान असे. दिवसाकाठी हजारो जोर-बैठका व कुस्तीची मेहनत करणाऱ्याला ही ऊर्जा लागत असे. पॉवरलिफ्टिंगच्या सरावात प्रत्यक्ष श्रमाचा काळ थोडा व विश्रांतीचा मोठा असल्याने उष्मांक तितके खर्ची पडत नाहीत. तुपात प्रथिन मुळीच नसते आणि १०० ग्रॅ. बदामांतून सु. २१ ग्रॅ. प्रथिनाबरोबर ६०० च्या आसपास कॅलरी येतात. तोच खुराक आजच्या साधकाने घेतल्यास पोट वाढते, बळ नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढासाठी प्रथिनांचे प्रमाण शरीराच्या प्रतिकिग्रॅ. वजनास दररोज ०·८३ ग्रॅ. असे शिफारसिले आहे. ते सर्वसाधारण जनतेसाठी आहे. भारव्यायाम करणाऱ्यांवरील अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार प्रतिकिग्रॅ. सु. १·६ ग्रॅ. पर्यंत लाभ वाढतो व त्यापुढे फारसा वाढत नाही. म्हणजे ७० किग्रॅ. वजनाच्या साधकास ११२ ग्रॅ. प्रथिन पुरे. हे शाकाहारातूनही साधते. गहू, ज्वारी, तांदूळ मिळून ३०० ग्रॅ. धान्यातून सु. २९ ग्रॅ., १०० ग्रॅ. डाळींतून २२, अर्धा लिटर दुधातून १६, वाटीभर दह्यातून ६, ५० ग्रॅ. शेंगदाण्यांतून १२ आणि ५० ग्रॅ. सोयावड्यांतून सु. २६ ग्रॅ. प्रथिन मिळते, बेरीज १११ होते. सोयावड्यांच्या ठिकाणी चार अंडी घेतली, तरी हिशेब जवळजवळ तोच राहतो. धान्यांत लायसीन व डाळींत मेथिओनीन या ॲमिनो अम्लांची उणीव असते. वरण-भात किंवा पिठले-भाकरी एकत्र खाल्ल्याने ती परस्पर भरून निघते. एका बैठकीत सारे प्रथिन घेण्यापेक्षा ते तीन-चार जेवणांत विभागणे बरे. व्यायाम संपताच अर्ध्या तासात प्रथिन पोटात गेलेच पाहिजे, या समजुतीला मात्र भक्कम आधार नाही. कार्बोहायड्रेटे वर्ज्य करण्याची टूमही बलसाधकास हितावह नाही, कारण अनेक फेऱ्यांच्या सरावाला स्नायूंतील ग्लायकोजेनच कामी येते. निरोगी वृक्कांना या प्रमाणातील प्रथिनांनी अपाय झाल्याचे दिसत नाही. वृक्कविकार असल्यास मात्र वैद्यकीय सल्ला अनिवार्य आहे.

डब्यांतून मिळणारी प्रथिनभुकटी म्हणजे बहुधा चीज करताना उरलेल्या दुधाच्या निवळीचा सुकविलेला अंश असतो. ती सोयीची आहे, आवश्यक नाही. पूरक द्रव्यांपैकी क्रिएटीनची उपयुक्तता सर्वांत नीट सिद्ध झाली आहे. रोज ३ ते ५ ग्रॅ. घेतल्यास स्नायूंतील साठा तीन-चार आठवड्यांत भरतो. क्रिएटीन मांस व माशांत असल्याने शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत त्याचे प्रमाण मुळात कमी असते व त्यांना लाभ अधिक जाणवतो. प्रारंभी वजन किलोभर वाढते, ते पाण्याचे असते. प्रतिकिग्रॅ. ३ ते ६ मिग्रॅ. कॅफिनानेही कामगिरी किंचित सुधारते. बाजारातील उरलेल्या बहुतेक द्रव्यांचा गुण त्यांच्या जाहिरातीतच आढळतो.

टेस्टोस्टेरोनसारखी उपचयी स्टेरॉइडे स्नायू व बळ वाढवितात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परिणाम होत नाही असे सांगितल्याने तरुणांचा सल्ल्यावरचा विश्वास मात्र उडतो. पण त्यांच्यामुळे हितकारक कोलेस्टेरॉल घटते, हृदयाची भित्ती जाड होते, वृषणे आकसतात व वंध्यत्व येऊ शकते. तोंडावाटे घ्यावयाच्या प्रकारांनी यकृतास इजा पोहोचते. स्त्रियांचा आवाज घोगरा होतो आणि औषध थांबविल्यावरही तो पूर्ववत होत नाही. स्पर्धेत ती निषिद्ध आहेत. भेसळयुक्त भुकट्यांतून नकळत सेवन झाले, तरी जबाबदारी खेळाडूवरच राहते.

वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून व घाम गाळून वजन उतरविण्याची चाल घातक आहे. महासंघाच्या नियमानुसार वजनमाप स्पर्धेपूर्वी दोन तासांच्या आतच होत असल्याने गमावलेले पाणी पुरेसे भरून येत नाही आणि मांचावर बळ उणे पडते. नवख्याने आहे त्या वजनाने उतरावे.

सर्वसामान्यांसाठी महत्त्व : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविल्याप्रमाणे सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, आणि मधुमेहाशी त्याचा संबंध आहे. अशा शरीराला केवळ वजन घटविणे पुरत नाही. स्नायू वाढविणे अगत्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलवर्धक व्यायामाची शिफारस केली आहे. वयाची आडकाठी येथे फारशी नाही. बॉस्टन येथे ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा भारव्यायाम करविला असता त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्तीनंतर अस्थी विरळ झालेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली डेडलिफ्ट, बैठका असे जड व्यायाम केल्यास अस्थींची घनता सुधारते, हे ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत दिसून आले. वजने उचलल्याने बायका पुरुषी दिसू लागतात, या भीतीस आधार नाही. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरोन अत्यल्प असते. घरात पाण्याच्या कळश्या व धान्याची पोती उचलणाऱ्या स्त्रीबद्दल ही शंका कोणी काढीत नाही. मुलांची उंची खुंटते हाही समज निराधार आहे, मात्र त्यांच्या बाबतीत हालचालीची अचूकता आधी शिकवावी व कमाल वजनाची आजमावणी टाळावी. छातीत दुखणे, हर्निया, अलीकडील शस्त्रक्रिया किंवा पायात उतरणारी कंबरदुखी असल्यास वैद्यकीय तपासणीवाचून हा व्यायाम सुरू करू नये. तसेच असह्य स्नायुदुखीबरोबर लघवी गडद तपकिरी होऊ लागल्यास स्नायुद्रव्य रक्तात उतरून वृक्कांना धोका संभवत असल्याने तत्काळ रुग्णालय गाठावे.