मेस्त्रेहून नेपल्सपर्यंत, स्वतःच्या तिकिटावर

अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्या माणसाला रेल्वे शिकवावी लागत नाही. कोणती गाडी बदलापूरला संपते, कोणती कर्जतला जाते, कोणती पुढे खोपोलीला वळते, आणि घोळ झालाच तर कल्याणला उतरून काय पकडायचं, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. तरीही युरोपचा विषय निघाला की याच घरांतून पहिला फोन टूर कंपनीला जातो. त्यात गैर काही नाही. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या कंपन्यांनी मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवला, आणि ज्येष्ठांना घेऊन जायचं असेल तर त्यांच्यासोबतच जावं. पण एकच देश, आपल्या चालीनं आणि बेताच्या पैशांत पाहायचा असेल, तर पहिला देश म्हणून मी इटली सुचवेन. त्याचं कारण तिथली रेल्वे.

नकाशा उघडून पाहा. व्हेनिस, बोलोन्या, फ्लोरेन्स, रोम आणि नेपल्स ही पाचही शहरं उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या एकाच मार्गावर ओळीनं लागतात. वेगवान गाडीनं व्हेनिस ते फ्लोरेन्स दोन तासांच्या थोडं वर, फ्लोरेन्स ते रोम दीड तास आणि रोम ते नेपल्स सव्वा तास लागतो. म्हणून विमानाचं तिकीट काढतानाच मुंबई ते व्हेनिस आणि परतताना रोम ते मुंबई असं ‘मल्टी-सिटी’ काढावं. आल्या वाटेनं थेट व्हेनिसपर्यंत मागे जायला लागलं नाही की एक दिवस वाचतो आणि एक मोठं तिकीटही वाचतं.

आता गाड्यांचे प्रकार. सगळं अंदाजपत्रक यावरच उभं राहतं, म्हणून इथे जरा थांबू. ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावणाऱ्या गाड्या दोन कंपन्यांच्या आहेत: सरकारी ट्रेनइतालियाची फ्रेच्चारोस्सा आणि २०१२ साली सुरू झालेली खासगी इतालो. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. या गाड्यांचे दर विमानासारखे हलतात. दोन-तीन महिने आधी जे तिकीट वीस-पंचवीस युरोंना मिळतं, तेच आदल्या दिवशी पन्नास-साठच्या घरात जातं. शिवाय स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. त्यांच्या खालोखाल इंटरसिटी, आणि सगळ्यात शेवटी रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक गाडी. रेजोनालेचं भाडं अंतरावर ठरतं. तीन महिने आधी काढा किंवा गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी काढा, दर तोच. आरक्षण नाही, बसायची जागा मिळेल तिथे.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यानं आपल्या योजनेचा कणा या रेजोनालेलाच करावा, असं माझं ठाम मत आहे. युरोपीय प्रवाशाला सल्ला मिळतो की वेगवान गाडीचं तिकीट लवकर काढा. त्याला व्हिसा लागत नाही, म्हणून ते त्याला परवडतं. आपला व्हिसा हातात येईपर्यंत प्रवास पक्का नसतो, आणि परत न मिळणाऱ्या तिकिटांत पैसे अडकवणं ही बेताच्या प्रवासातली सगळ्यात महागडी चूक ठरू शकते. ठरावीक दराच्या गाडीला ही भीतीच नाही. व्हिसा आल्यावर लांबच्या एक-दोन टप्प्यांची, म्हणजे मुख्यतः फ्लोरेन्स ते रोमची, वेगवान गाडीची तिकिटं काढावीत. बाकी सगळं तिथे जाऊन काढलं तरी चालतं. फ्लोरेन्स ते पिसा तासाभराचा प्रवास, नऊ-दहा युरो. व्हेनिसच्या जमिनीवरच्या मेस्त्रे या भागातून खुद्द व्हेनिसला दहा मिनिटं, दीड युरोच्या आसपास. वर दिलेल्या मार्गाचा आणि आजूबाजूच्या दोन-तीन फेऱ्यांचा सगळा रेल्वेखर्च माणशी सव्वाशे युरोंच्या आसपास बसतो. युरो शंभर रुपयांच्या थोडा वरच धरून हिशेब करावा. या मार्गावर युरेल हा युरोपभर चालणारा रेल्वेपास घेऊ नये. पास असला तरी वेगवान गाडीत आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि रेजोनालेचं भाडं मुळातच इतकं कमी की पासाचे पैसे वसूल होत नाहीत.

रेजोनालेचा एक नियम मात्र डोक्यात पक्का बसवा. कागदी तिकीट असेल, तर गाडीत चढण्याआधी ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यायची. आपल्याकडे पूर्वी कूपनांची पुस्तिका यंत्रात घालून शिक्का मारायचो, अगदी तसंच. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि टीसी दंड लावताना पर्यटक म्हणून सोडत नाही. मोबाइलवर तिकीट असेल तर चढण्याआधी त्यात ‘चेक-इन’ करावं लागतं. फ्रेच्चारोस्सा आणि इतालोच्या तिकिटांवर गाडी, डबा आणि आसन ठरलेलं असतं, तिथे शिक्क्याची गरज नाही.

स्टेशनांची नावं इटालियन रूपातच लिहून ठेवा: फिरेन्झे म्हणजे फ्लोरेन्स, व्हेनेत्सिया म्हणजे व्हेनिस, नापोली म्हणजे नेपल्स. फ्लोरेन्सचं मुख्य स्थानक सांता मारिया नोव्हेल्ला. व्हेनिसला स्थानकं दोन: मेस्त्रे जमिनीवर, तर सांता लुचिया पाण्यापलीकडे, खुद्द व्हेनिसमध्ये. फलकावर ‘पार्तेन्झे’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘बिनारिओ’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. मोठ्या स्थानकांत फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो, आणि मग सगळी गर्दी एकदम हलते. त्या क्षणी आपली लोकलची सवय खरोखर कामी येते. ‘शोपेरो’ हा शब्दही ओळखीचा हवा, तो म्हणजे संप. इटलीत तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवणं बंधनकारक असतं, म्हणून संपाच्या दिवशी प्रवास त्या वेळांत बसवावा.

मुक्काम कमी ठेवा. रोज शहर बदललं की रोज बॅग भरणं, रोज नवं भाडं, रोज स्टेशनजवळची शोधाशोध. मेस्त्रे, बोलोन्या, रोम आणि जमलं तर नेपल्स असे चार मुक्काम पुरे. खुद्द व्हेनिसमध्ये राहण्यापेक्षा मेस्त्रेत खोली बरीच स्वस्त मिळते. व्हेनिसनं २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क लावलं आहे. मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथे मुक्काम करणाऱ्याला ते माफ असतं. फक्त त्या दिवसासाठी ऑनलाइन नोंद करावी लागते. बोलोन्या आपल्या टूरच्या पत्रकांत क्वचितच दिसतं, पण रेल्वेनं फिरणाऱ्यासाठी इतकं सोयीचं शहर दुसरं नाही. तिथून फ्लोरेन्स वेगवान गाडीनं चाळीस मिनिटांच्या आत, आणि मोदेना, राव्हेन्ना, फोर्ली साध्या गाडीनं. फ्लोरेन्समधल्या महागड्या रात्री टाळून ते शहर दोनदा दिवसभर पाहता येतं. हॉटेलच्या बिलाखेरीज माणशी, रात्रीगणिक शहरकर वेगळा द्यावा लागतो, तो हिशेबात धरा.

बॅग लहान घ्या. उल्हासनगरच्या बाजारात हव्या त्या आकाराची ट्रॉली मिळते, पण व्हेनिसचे पायऱ्यांचे पूल आणि रोमचे दगडी रस्ते चाकांना दाद देत नाहीत. पाठीवरची सॅक उत्तम. गर्दीत ती पुढे, छातीवर घ्यायची. रोमची मेट्रो आणि नेपल्सहून पॉम्पेईला जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना गाडी, दोन्हीकडे खिसेकापूंचा सुळसुळाट आहे.

खाण्याची चिंता शाकाहाऱ्यांनी फार करू नये. पिझ्झा मरिनारावर चीजसुद्धा नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. पिसाकडे ‘चेचिना’ मिळते: हरभऱ्याचं पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल भट्टीत भाजून केलेला पदार्थ, बेसनाच्या जाड धिरड्याच्या फार जवळचा. रिसोत्तोच्या पाण्यात मांसाचा अर्क असू शकतो, तेवढं विचारून घ्यावं. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात तर महाग. रोममध्ये जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत असतात, बाटली जवळ असली की पाण्याचा खर्च शून्य. बहुतेक सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात. कलोसियमचं तिकीट मात्र नावानिशी असतं आणि लवकर संपतं, ते आधीच काढावं.

पिसाला गेलात तर तिथला कललेला मनोरा पाहून लगेच वळू नका. शेजारचं कॅथीड्रल १०६३ साली बांधायला घेतलं. व्हेनिसचं आज उभं असलेलं सेंट मार्क्सही त्याच साली. आपल्या अंबरनाथच्या वालधुनीकाठच्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. कोकणचे शिलाहार इथे भूमिज शैलीतलं शिखर चढवत होते, त्याच सुमाराला दर्यावर्दी पिसा आणि व्हेनिस समुद्रावर मिळवलेल्या पैशावर संगमरवर रचत होते. अंबरनाथ पूर्वेच्या माणसानं ते कॅथीड्रल पाहताना हे मनात ठेवलं तर दगड वेगळे दिसतील. आणि जाण्याआधी एकदा आपलं मंदिर नीट, शिल्प न् शिल्प पाहून यावं, असा माझा आग्रह आहे.

आणखी दोन ठिकाणं, कासिनो आणि फोर्ली इथल्या युद्धस्मशानभूमी, मराठी माणसानं इटलीच्या योजनेत घालायलाच हवीत. दोन्ही साध्या गाडीच्या वाटेवर आहेत आणि दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या तीन डिव्हिजन इटलीत लढल्या, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या होत्या. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. अहिल्यानगर जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना मागे आणून शत्रूची ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. घाडग्यांची कबर नाही, त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. पेरूजाजवळच्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारकही उभारलं गेलं.

रोमहून नेपल्सला एकाहून जास्त वाटा जातात. वेगवान गाडी कुठे न थांबता सव्वा तासात नेते. कासिनोवरून जाणाऱ्या जुन्या मार्गावरची प्रादेशिक गाडी तिथे थांबते. सकाळी रोमहून निघून कासिनोला उतरावं, युद्धस्मशानभूमीत जावं, वर डोंगरावर १९४४च्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधलेला मठ पाहावा आणि संध्याकाळच्या गाडीनं नेपल्स गाठावं. सगळं मिळून वेगवान गाडीच्या ऐनवेळच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं. बोलोन्याला मुक्काम असेल तर फोर्लीला भारतीय सैन्याची वेगळी स्मशानभूमी आहे; दहनाची परंपरा असलेल्या जवानांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. कोकणातली, देशावरची, सातारा-कोल्हापूरकडची आडनावं इतक्या दूर एका ओळीत वाचायला मिळतात. कोणत्याही टूरच्या बसला इथे थांबायला वेळ नसतो.

तयारी कधी सुरू करायची? शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि निदान पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांवर विसंबू नका, तीन महिने आधी करा. इटलीचे अर्ज मुंबईत व्हीएफएसच्या केंद्रात स्वीकारले जातात. मोठ्यांना शुल्क ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. बँकेचं विवरण, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, आणि दिवसागणिक कुठे राहणार, कशानं जाणार याचा तक्ता जोडायचा. हा तक्ता खरा असावा. वर सांगितलेला मार्ग सरळ रेषेत असल्यामुळे तो कागदावरही पटतो. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्यावीत. क्रम असा ठेवा: आधी तारखा आणि मुक्काम, मग व्हिसा, त्यानंतर वेगवान गाडीची एक-दोन तिकिटं, आणि उरलेली तिथे जाऊन. मे महिन्यापेक्षा दिवाळीनंतरचे आठवडे खोल्यांच्या दृष्टीनं स्वस्त. फक्त नोव्हेंबरात व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी चौकात येऊ शकतं, त्यासाठी बूट तसे घ्या.

निघायच्या दिवशी टॅक्सीला हजारो रुपये घालण्याचीही गरज नाही. विमान रात्रीचं असेल तर संध्याकाळी अंबरनाथहून घाटकोपरला थांबणारी लोकल पकडा. घाटकोपरहून मेट्रोनं मरोळ नाका, तिथे अ‍ॅक्वा लाइनवर बदला. पुढचं स्थानक टर्मिनल २.