‘फरक’ आणि ‘वजाबाकी’ : पर्याप्ततेच्या प्रश्नांतील एक भाषिक पेच

माहितीच्या पर्याप्ततेच्या प्रश्नात उत्तर काढावयाचे नसते. दिलेल्या माहितीवरून ते एकमेव ठरते की नाही, एवढेच सांगावयाचे असते. व्यवस्थापनशास्त्राच्या जीमॅट प्रवेशपरीक्षेत हे प्रश्न पूर्वी गणिताच्या विभागात असत. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या नव्या स्वरूपात ते माहिती-विश्लेषणाच्या विभागात गेले. हे स्थलांतर मला उचित वाटते, कारण येथील पुष्कळशा चुका आकडेमोडीच्या नसून वाचनाच्या असतात.

एक उदाहरण घेऊ. अ मधून ब वजा केल्यास काय येईल? विधान पहिले : अ व ब यांची बेरीज १२. विधान दुसरे : अ व ब यांचा गुणाकार ३५. एकेकटे विधान अपुरे आहे, हे उघड आहे. दोन्ही मिळून ५ व ७ ही जोडी निश्चित होते आणि विद्यार्थी ‘माहिती पुरेशी’ असे लिहून मोकळा होतो. (प्रस्तुत लेखकानेही प्रथम तेच लिहिले होते.) परंतु अ म्हणजे ७ की ५? उत्तर २ येईल किंवा उणे २. म्हणजे माहिती अपुरीच. आता ‘अ व ब यांतील फरक किती?’ असे विचारा. रूढ अर्थाने फरक ऋण नसतो. म्हणून उत्तर २, आणि तीच माहिती पुरेशी! दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज विचारली, तरी ७४ हे एकच उत्तर येते.

याचे मूळ वाक्यरचनेत सापडते. बेरीज व गुणाकार ‘अ व ब यांचा’ असतो. ‘व’ने जोडलेली पदे समान दर्जाची होत. याउलट ‘अ मधून ब’, ‘अ ला ब ने’ या रचनांत शब्दयोगी अव्यय वा विभक्ती प्रत्येक संख्येला निराळी भूमिका देते. ‘अ व ब यांची वजाबाकी’ असे सैलपणे म्हटले की ही भूमिका पुसली जाते. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावयास हवे.

तेव्हा कसोटी अशी : अ व ब यांची अदलाबदल करावी. विधाने तशीच राहून उत्तर बदलत असेल, तर माहिती अपुरी. मात्र ही कसोटी यांत्रिकपणे लावू नये. वरील गुणाकार ३५ ऐवजी ३६ असता, तर दोन्ही संख्या ६ ठरल्या असत्या, अदलाबदलीने काहीच बदलले नसते, आणि वजाबाकीच्या प्रश्नालाही शून्य हे एकमेव उत्तर मिळाले असते.